पट्टीला मुदत हवी

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं शहर अजून गोल्फ क्लबच म्हणतं. पहाटे तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर उभं राहिलं की गेल्या काही वर्षांत वाढलेली एक गोष्ट नजरेत भरते. पोटऱ्यांवर, घोट्यांवर, टाचेखालून तळव्यापर्यंत चिकटवलेल्या निळ्या, काळ्या, गुलाबी पट्ट्या. भरतीची तयारी करणारी पोरं, मॅरेथॉनवाले, निवृत्तीनंतर चालायला लागलेले काका-काकू, सगळ्यांच्या पायांवर त्या दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पाय फ्लॅट आहे, फिजिओनी टेपिंग केलंय."

या टेपिंगबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, पट्टीने पाऊल सरळ होतं, कमान वर येते, आणि काही महिने लावत राहिलं की ती कायमची वर राहते. दुसरं म्हणतं, हे सगळं थोतांड, टीव्हीवरच्या खेळाडूंचं पाहून आलेलं. पहिल्या मतापायी माणसं महिनोन्‌महिने पैसे घालवतात. दुसऱ्यापायी, ज्याला चार दिवस खरोखर आराम पडला असता, तो दुखरी टाच घेऊन कामावर जातो. दोन्हींकडे नुकसान दुखणाऱ्या माणसाचंच आहे. म्हणून हा प्रश्न नीट तोलून पाहायला हवा.

पावलात २६ हाडं असतात. ती टाचेपासून चवड्यापर्यंत कमानीसारखी रचलेली असतात आणि तळव्याखालचा एक जाड, चिवट पडदा त्या कमानीची दोन टोकं धरून ठेवतो. जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की अंगठा वर उचलला की हा पडदा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा ताणला जातो आणि कमान आपोआप उंचावते. चालताना प्रत्येक पावलाला, टाच उचलली जाते त्या क्षणी, हेच घडतं. म्हणजे कमान जागच्या जागी थिजलेली नसते. शरीराचा भार आला की ती थोडी खाली बसते, पाऊल किंचित आत कलतं, धक्का जिरतो. पुढे ढकलताना ती पुन्हा उठते. आत कलणं सगळ्यांच्याच पावलात असतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. जास्त असलं आणि स्नायूंना ते पेलेनासं झालं की टाच, घोट्याची आतली बाजू, नडगी, कधी गुडघाही कुरकुरायला लागतो.

फिजिओ हे कलणं मोजतात ती रीत साधी आहे. आधी खुर्चीत बसवतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे आणि खाली, नौकेच्या आकाराच्या हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्यावर पेनाने खूण करतात आणि जमिनीपासूनची उंची घेतात. मग उभं करून तीच उंची पुन्हा घेतात. दोन्हींतला फरक साधारण १० मिलिमीटरच्या वर गेला तर पाऊल जास्त बसतंय असं धरतात. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तुम्हाला अनवाणी उभं न करता, चालायला न लावता, एका पायावर टाच उचलून न पाहता कुणी पट्टीच्या रोलला हात घातला, तर तिथेच थांबून कारण विचारावं.

पट्ट्या दोन जातीच्या असतात आणि सगळा गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतो. पहिली पांढरी, न ताणणारी, झिंक ऑक्साइडची. तिची पावलासाठीची प्रसिद्ध पद्धत लो-डाय. राल्फ डाय या अमेरिकन पदचिकित्सकाचं नाव तिला मिळालं आहे. रुग्णाला पाय टेबलाबाहेर येईल असं बसवतात. तळवा पुसून कोरडा करतात. घोटा काटकोनात धरून पाऊल ना आत ना बाहेर अशा मधल्या स्थितीत आणतात आणि अंगठ्यामागचा उंचवटा हलकेच खाली दाबतात. पट्टी करंगळीच्या मागच्या हाडापाशी सुरू होते, पावलाच्या कडेने टाचेमागून वळसा घेते आणि अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यापाशी संपते. अशा दोन-तीन पट्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढवत लावल्या की मग तळव्याखालून आडव्या पट्ट्या येतात, बाहेरून आत, कमानीला खालून उचलत. शेवटी बोटांचा रंग बघायचा, ती हलताहेत ना ते बघायचं आणि रुग्णाला उभं करायचं. चांगल्या हाताची पट्टी असेल तर रुग्ण दोन पावलं टाकून लगेच म्हणतो, "हलकं वाटतंय."

दुसरी जात त्या रंगीत पट्ट्यांची. सुती कापडात ताणणारा धागा विणलेला असतो आणि मागे उष्णतेने घट्ट बसणारा गोंद. म्हणून लावल्यावर तळहाताने चोळतात. ही जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात आणली. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ती खेळाडूंच्या अंगावर दिसली आणि २००८ ला बीजिंगमध्ये अमेरिकेच्या केरी वॉल्श या बीच व्हॉलीबॉलपटूच्या खांद्यावरच्या काळ्या पट्टीमुळे घराघरात पोचली. ती तीन ते पाच दिवस टिकते आणि अंघोळ करता येते. पाच मीटरच्या एका रोलमध्ये हातभर पट्ट्या बऱ्याच निघतात, त्यामुळे दवाखान्याला ती सोयीची पडते. पण जी स्वतःच ताणली जाते ती पट्टी भाराखाली बसणारी कमान कितपत धरून ठेवणार, याचा विचार फारसा कुणी करत नाही. पाऊल सावरायचं असेल तर काम पांढऱ्या, न ताणणाऱ्या पट्टीचं आहे. आपल्याकडे मात्र सरसकट रंगीत लावली जाते.

आता पट्टीच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो आहे. ऑस्ट्रेलियात रॅडफर्ड आणि सहकाऱ्यांनी टाचदुखीच्या ९२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लो-डाय पट्टी, निम्म्यांना नाही, आणि मुदत एक आठवड्याची. टाचदुखी असलेल्याला सकाळी अंथरुणातून उतरताना टाकलेलं पहिलं पाऊल सर्वांत भारी जातं. आपल्याकडे या दुखण्याला सरळ 'टाचेचं हाड वाढलंय' म्हणतात, जरी दुखणं बहुतेक वेळा हाडाचं नसून तळव्याच्या त्या पडद्याचं असतं. त्या पहिल्या पावलाचं दुखणं पट्टीवाल्या गटात १०० च्या मोजपट्टीवर सुमारे १२ ने अधिक उतरलं. चमत्कार म्हणावा इतकं हे नाही, पण रोज पहाटे भिंत धरून उठणाऱ्या बाईला ते कमीही नाही. बाकीच्या मोजमापांत, म्हणजे एकंदर पाय किती काम देतो वगैरे, दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. पट्टी काहींना घट्ट वाटली, काहींच्या त्वचेला सोसली नाही.

पट्टी कमान उचलते का? हो, लावल्या लावल्या काही मिलिमीटर उचलते, हे मोजलं गेलं आहे. मात्र दहा-वीस मिनिटं चाललं किंवा पळलं की त्यातला बराच भाग परत जातो, हेही मोजलं गेलं आहे. तरी आराम त्यानंतरही टिकतो असं रुग्ण सांगतात. कमान परत बसली तरी दुखणं परत आलं नाही, याचा अर्थ पट्टीचं काम नुसतं हाड उचलण्याचं नसावं. त्वचेला मिळणारी जाणीव, स्नायूंवरचा थोडा कमी झालेला भार, 'कुणीतरी पाय धरलाय' हा भरवसा, सगळ्यांचा त्यात हात असू शकतो.

रंगीत पट्टीचा हिशेब मात्र उणे बाजूला झुकतो. २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या पारेरा आणि सहकाऱ्यांनी १२ चाचण्या, ४९५ माणसं, एकत्र करून पाहिल्या. निरनिराळ्या स्नायू-सांध्यांच्या दुखण्यांत ही पट्टी खोट्या, बिनताणाच्या पट्टीपेक्षा सरस ठरल्याचं दिसलं नाही, आणि जिथे फरक पडला तिथे तो इतका लहान होता की रुग्णाच्या लेखी त्याला किंमत नसावी. पट्टी त्वचा उचलते, खालचं रक्त आणि लसिका मोकळी वाहू लागते, ही जी गोष्ट दवाखान्यातल्या तक्त्यावर बाण काढून दाखवतात, तिला भक्कम आधार सापडलेला नाही.

यावर एक रास्त प्रश्न फिजिओ विचारतात. रुग्णाला बरं वाटतंय ना? मग कारण कोणतंही असो, तुमचं काय जातं? या प्रश्नात तथ्य आहे, तो झटकून टाकता येणार नाही. दुखणाऱ्या माणसाला मिळालेला आराम खोटा नसतो. जो टाच टेकवू शकत नाही तो व्यायाम करणार नाही. पट्टीने दोन दिवस दुखणं उतरलं तर तो करेल. अनुभवी फिजिओ पट्टी याचसाठी वापरतात, आणि ते बरोबर आहे. माझा आक्षेप दुसऱ्या टप्प्यावर आहे. आराम पडतो म्हणून पट्टी लावणं वेगळं, आणि पट्टीने पाऊल सुधारतंय असं सांगून दहा बैठकांचं पॅकेज देणं वेगळं. पहिल्यात रुग्णाचा वेळ वाचतो, दुसऱ्यात तो खर्ची पडतो.

शिवाय पट्टीचा एक उपयोग आपल्याकडे फार कमी होतो, जो माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या बिल विसेंझिनो यांनी तो मांडला. रुग्णाला जे करताना दुखतं ते करायला लावायचं, पायरी उतरणं असो, पळणं असो. किती वेळाने दुखलं याची नोंद घ्यायची. मग पट्टी लावून तेच पुन्हा करायचं. दुखणं बऱ्यापैकी लांबलं तर पाऊल सावरण्याचा मार्ग या रुग्णाला लागू पडणार, आणि मग इनसोलवर पैसे घालण्यात अर्थ आहे. काहीच बदललं नाही तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे. म्हणजे महागडे इनसोल मापून घेण्याआधी पट्टीच्या दोन-तीन तुकड्यांत उत्तर मिळतं. उपचाराआधीची परीक्षा म्हणून पट्टी वापरली तर तिचे पैसे वसूल होतात.

इथवर टेपचं झालं. पण नाशिकमध्ये या पट्ट्यांमागे दुखण्यापेक्षा भीतीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. 'फ्लॅट फूट' हा शब्द कानावर पडला की घर हादरतं. या शहराभोवती भरतीचं वातावरण दाट आहे. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी, देवळालीला तोफखान्याचं केंद्र, १९३७ पासूनची भोसला मिलिटरी स्कूल. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सिन्नरची पोरं-पोरी इथे खोल्या करून राहतात आणि १६०० मीटर, ८०० मीटरची वेळ कमी करत असतात. ग्राउंड निघालं तरी मेडिकलला पाय सपाट म्हणून बाहेर काढतील ही धास्ती त्यांच्या मनात घर करून असते. ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून ठसा बघायचा, मध्ये खळगा दिसला नाही की रात्रीची झोप उडते. मग बाटली तळव्याखाली फिरवणं, वाळूत चालणं आणि आता टेपिंग. "मेडिकलपर्यंत कमान येईल का?" हा प्रश्न घेऊन पोरं दवाखान्यात येतात.

या पोरांना खरं सांगायला हवं. पट्टीने कमान येणार नाही. तपासणी अनवाणी होते, तिथे पट्टी उतरवावीच लागते. पण दुसरंही सांगायला हवं. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत नुसतं सपाट पाऊल अपात्र ठरत नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवार चवड्यावर नीट उड्या मारू शकत, पळू शकत असेल आणि पाऊल लवचीक, बिनदुखणारं असेल तर ते चालतं. अडतं ते ताठ, हलत नसलेलं पाऊल. आरशासमोर चवड्यावर उभं राहून ही तपासणी पोराने स्वतःच करावी. कमान उठली तर निम्मी काळजी तिथेच गेली. उठली नाही, तर टेपवाल्याकडे नाही, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं.

आणि ही सूट काही दयेपोटी दिलेली नाही. कॅनडाच्या सैन्यात हॅरिस आणि बीथ यांनी सुमारे ३,६०० जवानांची पावलं तपासली आणि १९४७ मध्ये लिहिलं की लवचीक सपाट पाऊल हे बहुधा अपंगत्वाचं कारण नसतं. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४६ पायदळ प्रशिक्षणार्थींपैकी सर्वांत सपाट पावलांच्या गटाला दुखापती उलट कमी झाल्या. उंच कमानवाल्यांना जास्त. डेन्मार्कमध्ये नव्याने पळायला लागलेल्या ९२७ जणांना एकाच साध्या प्रकारचे बूट देऊन वर्षभर पाहिलं. २०१४ ला निकाल आला की पाऊल आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही दिसलं नाही. नडगीच्या दुखण्याशी आत कलण्याचा थोडा संबंध इतर अभ्यासांत सापडतो, तो नाकारायचं कारण नाही. पण 'पाऊल सपाट म्हणजे पळणं बंद' हे कुठल्याच पुराव्यात बसत नाही.

पावलाच्या बाबतीत तर आपल्याच देशातला एक अभ्यास जगभर उद्धृत होतो. यू. बी. राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांचे पायाचे ठसे घेतले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बुटांत सर्वांत जास्त, सपाता-सँडलमध्ये त्याहून कमी. हरसूलच्या डोंगरातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी पळायला सुरुवात अनवाणीच केली, कारण बूट परवडत नव्हते. पुढे त्यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. गरिबीचं कौतुक म्हणून मी हे सांगत नाही. पोराला बूट मिळायलाच हवेत. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरात, अंगणात, मातीत अनवाणी खेळू देणं हे पट्टीपेक्षा आणि 'करेक्टिव्ह' बुटांपेक्षा शहाणपणाचं आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

मुलांविषयी एक वाक्य तरी ठासून लिहायला हवं. लहान मुलाचं पाऊल सपाट दिसणं स्वाभाविक आहे. तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, आणि कमान वयाच्या पहिल्या दशकात हळूहळू घडते. अमेरिकेत वेंगर यांनी १२९ लहान मुलांवर घेतलेल्या चाचणीत तीन वर्षं खास बूट आणि इनसोल वापरूनही, न वापरणाऱ्या मुलांच्या तुलनेत पावलाच्या घडणीत फरक पडला नाही. हे १९८९ चं आहे. जे काम तीन वर्षांच्या बुटांनी झालं नाही ते आठवड्याच्या पट्टीने होईल अशी आशा आईबापांना दाखवणं योग्य नाही. न दुखणाऱ्या, लवचीक पावलाच्या मुलाला पट्टी लावूच नये.

जन्मतः आत वळलेलं वाकडं पाऊल, क्लबफूट, ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. फ्रान्समध्ये त्यासाठी रोजचा व्यायाम आणि पट्ट्यांची एक पद्धत विकसित झाली, आणि ती चालतेही. पण तिला रोज तरबेज हात लागतो. आपल्याकडे रुळली आहे ती आयोवाच्या इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल वळवणं, बहुतेकांत टाचेमागच्या कंडरेला एक छोटा छेद, आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत रात्री ब्रेस. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या व्यंगांत क्लबफूट आहे. अशा बाळाला पट्टीच्या नादात महिना-दोन महिने घालवणं हा मोठा तोटा आहे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत पाऊल जितकं सहज वळतं तितकं नंतर वळत नाही.

पट्टी जिथे सरळ धोक्याची ठरते त्या दोन जागा मोठ्या माणसांच्या आहेत. चाळिशी-पन्नाशीतल्या, बहुतांशी बायकांच्या, एका पायाची कमान हळूहळू बसत जाते. घोट्याच्या आतून दुखतं, सूज येते, मागून पाहिलं तर त्या पायाची बाहेरची बोटं जास्त दिसतात आणि त्या एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नाही. पोटरीतून घोट्यामागून येणारी, कमानीला वरून तोलून धरणारी कंडरा इथे झिजत असते. वेळेवर बूट-ब्रेस आणि व्यायाम मिळाला तर पुष्कळ सावरता येतं. उशीर झाला तर पाऊल ताठ होतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. पट्टी दुखणं दाबते आणि हाच उशीर घडवते. दुसरी जागा मधुमेहाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आहे. ज्याच्या तळव्याला जाणीव उरलेली नाही त्याला पट्टीखालचा फोड कळत नाही. आणि त्याचा एकच पाय अचानक लाल, गरम, सुजलेला, फारसा न दुखणारा झाला तर आतली हाडं खचत असण्याची शक्यता असते. तिथे पट्टी नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर हवा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठ-आठ तास सेफ्टी शूजमध्ये काँक्रीटवर उभे राहणारे कामगार, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला दिवसभर वाकून-उभं राहून राबणाऱ्या बाया, यांच्या टाचा दुखतात त्या काही चुकीच्या पावलांमुळे नाहीत, कामामुळे. त्यांना पट्टीचे चार दिवस उपयोगी पडतील, पण बागेतल्या चिखलात ती दुपारपर्यंत सुटते आणि कारखान्यात पायाखाली रबरी मॅट टाकली तर तिची गरजच कमी होते. मॅटचा विषय दवाखान्यात निघत नाही, कारण तो मालकाच्या खर्चाचा आहे. तो निघायला हवा. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या दर्शनाला चालत येणारे वारकरी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे, सप्तशृंगगडाला पायी जाणारे, यांच्या वाटेवर लागणाऱ्या सेवा-शिबिरांतही आता पट्ट्यांचे रोल दिसू लागतील. २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांना तर नक्कीच. ओल्या, भेगाळलेल्या, फोड आलेल्या तळव्यावर पट्टी बसत नाही आणि बसली तर कातडी घेऊन निघते. तिथे आधी साखर आहे का विचारणं, पाय धुऊन कोरडे करणं आणि फोडांवर मलमपट्टी करणं, एवढं झालं तरी पुष्कळ.

मग पट्टी कधी लावावी? दुखत असेल तेव्हाच. तपासून, पट्टीशिवाय आणि पट्टीनिशी चालवून, फरक पडला तर. जमल्यास न ताणणारी. आणि पहिल्याच दिवशी मुदत सांगून. माझ्या मते दोन-तीन आठवडे पुरेत. तोवर व्यायाम रुळायला हवा. रुळला नाही तर चौथ्या आठवड्याची पट्टी तो रुळवणार नाही. हा आकडा माझा आहे, कुणा तज्ज्ञाने कमी-जास्त ठरवावा. पण काहीतरी आकडा लिहून द्यावा एवढा आग्रह मी धरतो. १९९८ मध्ये स्थापन झालेलं आणि राज्यातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. इथल्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या पट्टी लावलेल्या रुग्णांना तीन महिन्यांनी गाठून विचारलं, की दुखणं गेलं का, पट्टी कधी सुटली, किती पैसे लागले, तर नाशिकला स्वतःच्या पायांचा पुरावा मिळेल.

आणि ज्याच्या गावात फिजिओच नाही? सुरगाण्यातल्या पाड्यावर टाच दुखणाऱ्या बाईने टेपिंगसाठी नाशिकला चार खेपा घालाव्यात असं मला वाटत नाही. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ यांनी २०१५ मध्ये टाचदुखीच्या ४८ रुग्णांवर केलेल्या चाचणीतला व्यायाम कुठेही करता येतो. उंबऱ्यावर किंवा पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहायचं, टाच मोकळी. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि तळव्याचा पडदा ताणावर येतो. भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला हात. तीन मोजत टाच वर, दोन मोजत वरच थांबायचं, तीन मोजत खाली. एका पायावर. दमेपर्यंत, एकाआड एक दिवस. पुढे जमू लागलं की पाठीवर पिशवीत पुस्तकं किंवा तांदूळ घेऊन भार वाढवायचा. तीन महिन्यांनी या व्यायामाने नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडला होता. पहिले काही दिवस पाय थोडा दुखेल. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढलेलं राहिलं तर दोन्ही पायांवर करायचं, आणि पाय लाल, गरम, सुजलेला असेल किंवा साखर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं.